भक्त आणि विभक्त : मराठी भक्तिपरंपरेतील दुभंगलेल्या निष्ठेचा विचार

१

‘भक्त’ आणि ‘विभक्त’ हे दोन्ही शब्द ‘भज्’ या एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत. या धातूचा मूळ अर्थ वाटणे, वाटा देणे अथवा वाटा घेणे असा आहे. ‘भाग’, ‘विभाग’, ‘भाग्य’, अंकगणितातील ‘भाज्य’ आणि ‘भाजक’, व्याकरणातील ‘विभक्ती’ ही सर्व त्याच कुळातील मंडळी होत. सेवा करणे, आश्रय घेणे, प्रेमाने चिकटून राहणे हा अर्थ ‘वाटा घेणे’ या अर्थातूनच पुढे विकसित झाला. जो ज्याच्या वाट्यास गेला, ज्याचा वाटेकरी झाला, तो त्याचा भक्त. म्हणजे ज्या शब्दाने आपण अखंड आणि अविभाज्य अशा वृत्तीचा निर्देश करतो, त्याच्या मुळाशी विभागणीची कल्पना आहे. धातूच्या या दुहेरीपणातून एक ऐतिहासिक प्रश्न उभा राहतो. मनुष्याच्या निष्ठेचे एकाहून अधिक वाटे पडले असता त्याची ईश्वरभक्ती क्षीण होते काय, आणि होत असल्यास ती नेमकी कशामुळे होते?

तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या मराठी वाङ्मयात या प्रश्नाचा विचार वेगवेगळ्या प्रकारे झालेला आढळतो. महानुभाव पंथाने एक उत्तर दिले, ज्ञानदेवांनी दुसरे दिले, एकनाथांनी तिसरे सुचविले आणि बहिणाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न ग्रंथातून बाहेर पडून प्रत्यक्ष संसारात उतरला. या उत्तरांचा क्रमाने परामर्श घ्यावा, आणि तो घेताना त्या त्या काळी निष्ठेसाठी वापरले गेलेले शब्द हाच मुख्य पुरावा मानावा, अशी प्रस्तुत निबंधाची मर्यादा आहे.

२

मराठीकडे वळण्यापूर्वी ‘भक्ती’ या शब्दाचा जुना व्यवहार पाहणे अगत्याचे आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, ९५ व्या सूत्रापासून १०० व्या सूत्रापर्यंत, ‘हे ज्याच्या भक्तीचे स्थान आहे तो’ या अर्थी होणाऱ्या प्रत्ययांचे एक छोटेसे प्रकरण आहे. त्यातील ९८ वे सूत्र वासुदेव आणि अर्जुन यांच्या भक्तांसाठी ‘वासुदेवक’ आणि ‘अर्जुनक’ ही रूपे सिद्ध करते. वासुदेवभक्तीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून त्याचा उल्लेख वारंवार केला जातो. परंतु ते सूत्र एकटे वाचले असता त्याचा अर्धाच अर्थ हाती लागतो. त्याच प्रकरणात अचेतन वस्तूंच्या ‘भक्ती’चाही विधी सांगितलेला असून ‘काशिका’वृत्तीने त्याची उदाहरणे खाद्यपदार्थांची दिलेली आहेत. ज्याला अपूप म्हणजे पुवे आवडतात तो ‘आपूपिक’ आणि ज्याला पायस आवडते तो ‘पायसिक’. स्रुघ्न नगराविषयी जिव्हाळा असणारा तो ‘स्रौघ्न’. ‘महाराज’ या शब्दापासून ‘माहाराजिक’ असे रूप होते. तेथे महाराज म्हणजे राजा समजावा की कुबेर समजावा, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. याच प्रकरणात पुढे गोत्रे, क्षत्रियकुळे आणि जनपदांचे स्वामी हेही भक्तीचे विषय म्हणून येतात.

या यादीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाणिनीच्या काळी भक्ती हा शब्द केवळ देवासाठी राखून ठेवलेला नव्हता. आवडीचे अन्न, आपले गाव, आपला राजा, आपले कुळ आणि आपला देव या सर्वांविषयीची ओढ एकाच नावाने ओळखली जात होती, आणि एकाच मनुष्याने एकाच वेळी आपूपिक, स्रौघ्न आणि वासुदेवक असण्यास व्याकरणाची काहीच आडकाठी नव्हती. निष्ठांचे अनेकत्व हा त्या समाजाचा गृहीत धरलेला भाग होता. तो दोष ठरविण्यासाठी भक्तीला एखादे विशेषण जोडणे आवश्यक होते.

ते विशेषण भगवद्गीतेने पुरविले. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ‘अव्यभिचारिणी’ असे भक्तीचे विशेषण आले आहे. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी भक्तियोगास, आणि अठराव्यात सात्त्विक धृतीसही, तेच विशेषण लाविलेले आहे. ‘व्यभिचार’ या शब्दाचा आज मराठीत जो अर्थ रूढ आहे तो त्याचा एकमेव अर्थ नव्हे. ‘वि’ आणि ‘अभि’ हे उपसर्ग लागलेल्या ‘चर्’ धातूचा साधा अर्थ ठरलेली वाट सोडून जाणे असा आहे. न्यायशास्त्रात जो हेतू साध्य असेल तेथेही सापडतो आणि साध्य नसेल तेथेही सापडतो, त्या हेतूस ‘सव्यभिचार’ म्हणतात. त्याचेच दुसरे नाव ‘अनैकान्तिक’, म्हणजे एका टोकास न पोचणारा. अशा हेतूवरून कोणतेच अनुमान निश्चित करता येत नाही. ही शास्त्रीय छटा ध्यानात घेतली म्हणजे विभागलेल्या भक्तीवरील आक्षेपाचे स्वरूप उलगडते. जी भक्ती कोठेही सापडते, तिच्यावरून भक्ताविषयी काहीच सिद्ध होत नाही.

गीतेने दुसऱ्या देवतांची उपासना मात्र मिथ्या म्हटलेली नाही. सातव्या अध्यायात अन्य देवतांच्या भक्तांना मिळणारे फळ अंत पावणारे आहे एवढेच सांगितले आहे, आणि नवव्यात तर अशी उपासनाही शेवटी एकाच ठिकाणी पोचते, फक्त तिला विधी नाही, असा निर्वाळा दिला आहे. म्हणजे अनन्यतेचा आग्रह आणि अन्य देवतांविषयीची सहिष्णुता ही दोन्ही सूत्रे एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. मराठी परंपरेतील पुढील मतभेद बव्हंशी या दोन सूत्रांपैकी कोणत्यावर किती भर द्यावयाचा यातून निर्माण झालेले आहेत.

३

तेराव्या शतकाचा उत्तरार्ध हा देवगिरीच्या यादवांचा अखेरचा वैभवकाळ होय. महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र (१२७१–१३११) या दोन राजांच्या सेवेत असलेल्या हेमाद्री पंडिताने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा प्रचंड धर्मनिबंध रचला. त्यातील ‘व्रतखंड’ या भागात पुराणांतून वेचलेली असंख्य व्रते एकत्र केलेली असून त्यांची मांडणी बरीचशी तिथिवार आहे. प्रतिपदेची व्रते, द्वितीयेची व्रते असे करीत पंधरवडा पुरा होतो. पुढे वारांची आणि नक्षत्रांची व्रते येतात. प्रत्येक तिथीस कोणती ना कोणती देवता आहे आणि प्रत्येक देवतेस तिचे व्रत, दान, नैवेद्य आणि फळ आहे. गृहस्थाच्या वर्षाची ही देवतांमध्ये केलेली पद्धतशीर वाटणी होय. ‘भज्’ धातूचा मूळ अर्थ इतक्या शब्दशः क्वचितच आचरणात आला असेल.

हेमाद्रीने ही स्थिती निर्माण केली असे मात्र मानण्याचे कारण नाही. त्याने प्रचलित आणि पुराणोक्त आचारांचा संग्रह केला. परंतु एका राज्याचा श्रेष्ठ अधिकारी असा संग्रह करतो, याचा अर्थ बहुदेवतोपासना ही त्या काळच्या शिष्ट समाजाची प्रतिष्ठित जीवनपद्धती होती, असा निश्चित होतो.

याच अर्धशतकात आणि याच प्रदेशात चक्रधरस्वामींनी तिला पूर्ण नकार दिला. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानलेले आहेत. त्यातील देवता आणि परमेश्वर यांच्यातील भेद हा या पंथाचा पाया होय. देवता आहेत, त्या फळही देतात, परंतु ते फळ भोगून संपणारे असते. जीवाला बंधनातून सोडविण्याचे सामर्थ्य परमेश्वराखेरीज कोणाजवळही नाही. या विचारसरणीत अन्य देवतेकडे वळलेली दृष्टी ही केवळ चंचलता राहत नाही. ती पदार्थांच्या ओळखीतच झालेली गफलत ठरते. त्यामुळे या पंथाने अनुयायांना अन्य देवतांची उपासना निषिद्ध ठरविली.

या उत्तराची स्पष्टता वादातीत आहे, तशीच त्याची किंमतही. गावाचे दैवत, कुळाचे दैवत, सणवार, पितृकार्य ही त्या काळी केवळ धर्मकृत्ये नव्हती. शेजार, नाते, वतन आणि मानपान यांचे व्यवहार त्यांच्यात गुंतलेले होते. त्यांतून अंग काढून घेणाऱ्या माणसाला समाजातूनही काही अंशी अंग काढून घ्यावे लागे. महानुभावांच्या वाट्यास आलेला दीर्घकालीन दुरावा, आणि पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत जपून ठेवणे, या गोष्टींना इतरही कारणे होती. तथापि अनन्यतेच्या या कठोर अर्थाकडे दुर्लक्ष करून त्यांचा उलगडा होणार नाही.

४

ज्ञानदेवांनी १२९० मध्ये नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण केली. तिच्या तेराव्या अध्यायात, अज्ञानाची लक्षणे सांगण्याच्या ओघात, विभागलेल्या भक्तीचे एक विस्तृत चित्र आलेले आहे. गीतेने या ठिकाणी ज्ञानाच्या विरुद्ध ते अज्ञान एवढेच म्हटले असताना ज्ञानदेवांनी अज्ञानाचे प्रत्येक लक्षण स्वतंत्रपणे उभे केले, आणि अव्यभिचारी भक्तीच्या विरुद्ध बाजूस आपल्या काळातील एक गृहस्थ आणून बसविला. हा गृहस्थ कृष्णाची मूर्ती करवून ती घराच्या कोपऱ्यात ठेवतो आणि आपण देवदेवींच्या यात्रेस निघून जातो. रोजची पूजा कृष्णाची, कार्य निघाले की कुळदैवताची, पर्वकाळी आणखी कोणाची. एकादशीस विष्णूला जेवढा मान तेवढाच पंचमीस नागांना. चतुर्थी उजाडताच तो गणेशाचा होतो, चतुर्दशीस दुर्गेचा. रविवारी भैरवाचे पात्र वाढतो आणि सोमवार येताच बेल घेऊन लिंगाकडे धावतो. या साऱ्या धावपळीचा शेवट एका जळजळीत उपमेने केलेला आहे. सौभाग्यवतीसाठी असलेला ‘अहेव’ हा शब्द तेथे गावातील प्रत्येक दाराची अहेव असणाऱ्या स्त्रीसाठी उपरोधाने योजिलेला आहे.

हे वर्णन ‘व्रतखंडा’तील तिथिक्रमाची आठवण करून देते, यात शंका नाही. तेवढ्यावरून ज्ञानदेवांच्या डोळ्यांसमोर हेमाद्रीचा ग्रंथ होता असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे होईल. पंडिताने पोथीत संगृहीत केलेला आणि कवीने ओवीत टिपलेला आचार एकच होता, एवढे म्हणणे पुरेसे आहे. एकाने त्यात पुण्याचा साठा पाहिला, दुसऱ्याने मनाचा रिकामेपणा.

परंतु ज्ञानदेवांचा आक्षेप महानुभावांच्या आक्षेपाहून निराळा आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा आदिनाथ शिवापासून सुरू होते, त्यांच्या ग्रंथाचा आरंभ गणेशरूपकाने होतो आणि ग्रंथाचा वक्ता कृष्ण आहे. अशा ग्रंथकाराला शिव किंवा गणेश यांचे वावडे असणे शक्य नाही. शिवाय त्या यादीत एकादशीचा विष्णूही समाविष्ट आहे, हे विसरता कामा नये. तक्रार नागाला मान मिळतो ही नाही. तक्रार अशी आहे की, कोणाकडेही वळले तरी या माणसाचे मन तेवढेच उथळ राहते. नवव्या अध्यायातील दृष्टांत याला पूरक आहेत. फांद्या आणि पाने एकाच बीजापासून झालेली असली तरी पाणी घालावयाचे ते मुळाशी. दहाही इंद्रिये एकाच देहाची असली तरी उत्तम पक्वान्न कोणी कानात भरीत नाही. देवता परक्या आहेत म्हणून नव्हे, तर घास चुकीच्या द्वाराने घातला म्हणून पोषण होत नाही.

या दोन स्थळांच्या भाषेत एक सूक्ष्म दुवा आहे. अव्यभिचारी भक्ताचे वर्णन करताना ज्ञानदेव ‘एकसरणे’ या क्रियापदाचा उपयोग करतात. वल्लभापुढे जाताना कांतेला जसा शरीराचा वा मनाचा संकोच राहत नाही, तसा जो एकसरला तो भक्त. आणि अज्ञानी पुरुषाच्या वर्णनात ‘एकसर’ असा निर्वाह त्याच्याजवळ नाही, असे म्हटले आहे. ‘एकसर’ म्हणजे एका ओळीने, सलग, खंड न पडता. येथे मोजमाप देवतांच्या संख्येचे नसून वृत्तीच्या सलगपणाचे आहे. भक्ताच्या बाजूचा दुसरा दृष्टांतही हेच सांगतो. गंगेचे पाणी समुद्रास मिळाल्यावरही मिळतच राहते. प्रवाह अनेक आहेत की एक, हा तेथे प्रश्नच नाही. प्रवाह तुटतो की तुटत नाही, एवढाच आहे.

मग तो तुटतो कशाने? ज्ञानदेवांचे उत्तर फलाशेकडे बोट दाखविते. फळ हाती लागेना की हा मनुष्य, कुळवाड्याने नवे रान धरावे तसा, नवा देव मांडतो आणि त्याचाही थाट आधीच्या देवासारखाच करतो. गुरू निवडतानाही तो ज्याचा डामडौल मोठा त्याचाच मंत्र घेतो. म्हणजे अनेक दैवते हे कारण नसून लक्षण आहे. कारण आहे ते मनात चाललेल्या हिशेबात.

आपल्या भाषेने हा हिशेब प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला आहे. ‘नवस’ या शब्दाचा संबंध ‘नमस्’शी जोडला जातो. तो मान्य केल्यास मूळच्या नमनाचे रूपांतर सशर्त वचनात झाले असे म्हणावे लागेल. व्युत्पत्तीचा भाग बाजूस ठेवला तरी त्या शब्दाचा संसार पुरेसा बोलका आहे. नवस ‘बोलतात’ आणि तो ‘फेडतात’. हेच ‘फेडणे’ कर्जासाठीही येते. देव नवसाला ‘पावतो’, आणि न पावल्यास दुसरा पाहतात. देणे-घेण्याचा संबंध जुळला की देणेकरी एकच असावा असा आग्रह धरण्यास काहीच आधार राहत नाही. उलट, शहाणा व्यापारी आपला माल अनेक पेढ्यांवर विभागून ठेवतो.

५

ज्ञानदेवांच्या उत्तरानंतर बहुदैवतोपासना थांबली असे इतिहास सांगत नाही. तुळशीची माळ गळ्यात घालून पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्याच्या देवघरात खंडोबाचा अथवा भवानीचा टाक राहिला, तो आजही आहे. तुकोबांना सतराव्या शतकात जाखाई, जोखाई, मेसाबाई अशा दैवतांची नावे घेऊन आपला देव त्यांच्याहून निराळा असल्याचे सांगावे लागले, यावरूनच ती दैवते किती जिवंत होती हे कळून येते. वारकरी संप्रदायाने महानुभावांप्रमाणे बहिष्काराचा मार्ग धरला नाही. म्हणून त्याला या दैवतांशी सतत संवाद करावा लागला. एकनाथांची भारुडे हा त्या संवादाचा सर्वांत कल्पक नमुना होय.

एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त होते आणि देवगिरीच्या, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादच्या, किल्ल्यावर निजामशाहीच्या सेवेत अधिकारी होते. राजसेवा आणि ईशसेवा यांचे सहजीवन एकनाथांनी गुरुगृहीच पाहिलेले होते. त्यामुळे निषेधापेक्षा रूपांतराची वाट त्यांना जवळची वाटली असल्यास नवल नाही. भवानीला रोडगा वाहण्याचा नवस बोलणारी त्यांची सासुरवाशीण सुप्रसिद्ध आहे. सासरा, सासू, नणंद अशी एकेक व्यक्ती दूर व्हावी म्हणून ती देवीला साकडे घालते आणि अखेर आपण एकटीच राहावे, असे मागते. ऐकणारा हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की जो नवस निष्ठांचे वाटे पाडीत होता, तोच येथे एकेक वाटा काढून टाकीत आहे. नवसाचे बाह्य रूप तसेच ठेवून त्याच्यातील हिशेब उलटा फिरविलेला आहे. देवी गेली नाही, मागणे बदलले.

तथापि अनन्यतेलाही आपली विकृती असते, याची जाणीव या परंपरेस होती. महिपतीने ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथात सांगितलेली नरहरी सोनाराची कथा त्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पंढरपुरात राहूनही विठ्ठलाचे मुख न पाहणारा हा शिवभक्त डोळे बांधून मूर्तीच्या कमरेचे माप घेतो. हाताला शिवाची चिन्हे लागतात, डोळे उघडताच समोर विठ्ठल असतो. या कथेत ज्याची निष्ठा विभागलेली नाही तोच चुकलेला आहे. त्याने देवाला धरून ठेवले नव्हते, देवाच्या एका नावाला धरून ठेवले होते. ऐतिहासिक घटना म्हणून या कथेचे मूल्य काहीही असो, संप्रदायाने ती जपली आणि सांगितली, ही गोष्ट त्याच्या अनन्यतेच्या कल्पनेचा पुरावा आहे.

मनुष्याची निष्ठा केवळ देवादेवांतच विभागली जाते असे नाही. धनी आणि देव यांच्यातही तिची ओढाताण होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच ओढाताणीवर उभी आहे. दुष्काळात त्यांनी सुलतानाचे धान्य भुकेल्यांना वाटले, आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरास जाऊन ते सर्व देणे चुकते केले, असे परंपरा सांगते. कथेने धन्याचा हक्क नाकारलेला नाही हे लक्षात घेतले पाहिजे. देवानेच तो पूर्ण केला, म्हणजे दोन निष्ठांतील विरोध मिटविण्याची जबाबदारी देवावर टाकली. येथे शब्दांचा एक प्रवास उद्बोधक आहे. अरबीत ‘ईमान’ म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा. मराठीत आल्यावर ‘इमान’ धन्याशी राखावयाचे झाले, आणि ‘इमानदार’, ‘बेइमान’ हे शब्द चाकरीच्या व्यवहारात रुळले. उलटपक्षी ‘चाकरी’ आणि ‘पाईक’ हे दरबारी जगातील शब्द संतांनी उचलून देवाकडे नेले. तुकोबांनी पाइकाच्या रूपकावर स्वतंत्र अभंग रचले. त्यांच्या काळी शहाजीराजांसारख्या पराक्रमी सरदारालाही निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा एकाहून अधिक सत्तांची सेवा करावी लागली होती. ज्या काळात लष्करी निष्ठा परिस्थितीनुसार बदलत होती, त्या काळात एकाच धन्याच्या पाइकाचे रूपक श्रोत्यांच्या कानी किती अर्थपूर्ण वाटले असेल, याची कल्पना करता येते.

६

आतापर्यंतच्या विवेचनात एक प्रतिमा वारंवार आली, ती पतिव्रतेची. ‘अव्यभिचारिणी’ या विशेषणातच ती सुप्त आहे, ज्ञानदेवांच्या ‘कांते’त ती प्रकट आहे. पुरुष संतकवींच्या दृष्टीने ती प्रतिमा सोयीची होती. पत्नीची निष्ठा पतीशी, तशी भक्ताची देवाशी. उपमान आणि उपमेय यांच्यात अंतर असल्यामुळे दोहोंत संघर्ष होण्याचे कारण नव्हते. परंतु भक्त स्वतःच पत्नी असेल तर काय? तिच्यापुढे पती हे उपमान नसतो. तो प्रत्यक्ष घरात असतो आणि निष्ठेवरील आपला हक्क मागतो.

बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदनपर अभंग या दृष्टीने मराठी वाङ्मयात असाधारण आहेत. वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे त्यांचा जन्म झाला आणि बालपणीच वयाने बऱ्याच मोठ्या अशा रत्नाकर पाठक या बिजवराशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. कुटुंब भ्रमंती करीत कोल्हापुरास आले. तेथे जयराम स्वामींची कीर्तने ऐकून मुलीला भक्तीचा लळा लागला. लाडके वासरू मरण पावल्यानंतर तिला तुकोबांचे स्वप्नात दर्शन झाले आणि त्यांचा उपदेश तिने शिरोधार्य मानला. पती वैदिक वृत्तीचा ब्राह्मण. त्याच्या दृष्टीने पत्नीचा गुरू शूद्र असणे हा अपमान होता, आणि लोक आपल्याला सोडून पत्नीच्या दर्शनास येतात ही त्याहून मोठी सल होती. त्याने तिला मारहाण केली आणि अखेर तिला सोडून जाण्याचे ठरविले.

या प्रसंगी बहिणाबाईंनी केलेला विचार त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. पती हाच स्त्रीचा देव, हे शास्त्र त्यांना मान्य होते. विठ्ठल आणि तुकोबा ही त्यांच्या अंतःकरणाची ओढ होती. दोहोंपैकी एकाचा त्याग करणे हा सरळ मार्ग होता. पतीचा त्याग केला असता तर शास्त्राच्या भाषेत व्यभिचार ठरला असता. देवाचा त्याग केला असता तर गीतेच्या भाषेत. बहिणाबाईंनी पतिसेवेचा पक्ष इतक्या जोराने मांडला आहे की आजच्या वाचकास ती शरणागती वाटावी. परंतु त्यांनी देव सोडला नाही, नामस्मरण सोडले नाही आणि तुकोबांचे गुरुत्वही नाकारले नाही. पुढे पती आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि हे कुटुंब देहूस तुकोबांच्या सान्निध्यात जाऊन राहिले. तेथे मंबाजीच्या विरोधास त्यांना तोंड द्यावे लागले. ज्या स्त्रीने पतीच्या आज्ञेचा एवढा महिमा गायिला, तिनेच ‘वज्रसूची’चा विचार मराठीत आणून खरा ब्राह्मण कोण या प्रश्नाची चर्चा केली, ही गोष्टही तिच्या शरणागतीचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

बहिणाबाईंची निष्ठा दोन ठिकाणी होती, हे निर्विवाद आहे. तिने त्यांची भक्ती दुबळी झाली काय? पुरावा तसे सांगत नाही. त्या दोन्ही निष्ठांपायी त्यांना यातना सोसाव्या लागल्या, परंतु एका निष्ठेचे फळ मिळेना म्हणून दुसरीकडे वळण्याचा हिशेब त्यांच्या अभंगांत कोठेही दिसत नाही. ज्ञानदेवांच्या यादीतील गृहस्थाला मात्र कोणतीच यातना नाही. त्याला कोणी अडविले नाही, कोणी मारले नाही. चतुर्थीहून पंचमीकडे आणि पंचमीहून एकादशीकडे तो सुखाने जातो. निष्ठेच्या दोन ओढींमध्ये तो कधी ताणलाच जात नाही, कारण त्याची ओढ कोठेच नाही.

या तुलनेतून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते. निष्ठेचे विषय एकाहून अधिक असणे ही मनुष्यजीवनाची सामान्य अवस्था आहे, आणि पाणिनीच्या प्रत्ययांपासून वारकऱ्याच्या देवघरापर्यंत तिची साक्ष मिळते. महानुभावांनी ती अवस्थाच नाकारली. त्यांचे उत्तर तर्कशुद्ध होते, पण थोड्यांनाच पेलणारे होते. ज्ञानदेव आणि एकनाथ यांनी विषयांच्या संख्येवरून नजर काढून वृत्तीच्या अखंडतेकडे वळविली. बहिणाबाईंनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले की दोन निष्ठा एकत्र नांदताना माणसाला विदीर्ण करू शकतात, तरीही भक्ती क्षीण होत नाही. ती क्षीण होते ती मनुष्य स्वतःला वाटून टाकून प्रत्येक वाट्याचा मोबदला मोजू लागतो तेव्हा. ‘भज्’ धातूचे दोन अर्थ येथे वेगळे होतात. वाटा घेणारा तो भक्त, स्वतःचे वाटे घालणारा तो विभक्त.